मोबाईलएवढं पापलेट

हिंजवडीच्या तरुण मंडळींना समुद्राचं वेड लागलंय, आणि ते वेड वरवरचं आहे असं मी म्हणणार नाही. फेब्रुवारी-मार्चात आयटी पार्कातून शुक्रवारी संध्याकाळी ज्या गाड्या निघतात, त्यातल्या काही वेळासला आणि आंजर्ल्याला जातात. पहाटे उठून ऑलिव्ह रिडलेची पिल्लं लाटांकडे खुरडत जाताना बघायची म्हणून. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने २००२ साली वेळासला हे काम हाती घेतलं तेव्हा घरट्यातली अंडी सर्रास उकरून नेली जात, आज तेच गाव कासवांच्या जिवावर पाहुणे जेवू घालतंय. तारकर्लीला पाण्याखाली बुडी मारून आलेला माणूस तर पुढे कितीतरी दिवस दुसऱ्या विषयावर बोलतच नाही.

प्रश्न एवढाच, की सोमवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत हे वेड जातं कुठे?

कारण सोमवारी हीच मंडळी पापलेट थाळी मागवतात. थाळीत अख्खं तळलेलं पापलेट हवं, शेजारी सोलकढी, भात, भाकरी, आणि दर मात्र खिशाला झेपणारा. हॉटेलवाल्याचा हिशेब सरळ आहे. मोठं पापलेट थाळीत मावत नाही आणि परवडतही नाही. तळहाताएवढं बरोब्बर बसतं. ते तळहाताएवढं पापलेट म्हणजे एकदाही अंडी न घातलेलं पिल्लू. कासवाच्या पिल्लाला टाळ्या आणि पापलेटच्या पिल्लाला रवा लावून तवा!

हे पापलेट साधंसुधं नाही. ४ सप्टेंबर २०२३ रोजी ते महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून जाहीर झालं. त्याच्यासाठी ज्यांचा जीव सर्वांत जास्त तुटतो ते पालघर जिल्ह्यातल्या सातपाटीचे मच्छीमार. पापलेटसाठी नावाजलेल्या या बंदरात पापलेटच कमी येऊ लागलं, आणि लहान मासळी पकडू देऊ नका ही मागणी खुद्द मच्छीमारांच्या संस्थांनी लावून धरली. त्याच वर्षी नोव्हेंबरात सरकारने ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचं किमान माप ठरवून दिलं. पापलेट १३५ मिलिमीटर, म्हणजे साडेतेरा सेंटीमीटर. असा कायदा आपल्याकडे आधी केरळने केला, २०१५ मध्ये. मला हे माप जरा सैलच वाटतं, पण निदान माप तरी आहे.

पाळायचं कोणी? बारीक आसाचं जाळं ओढणारा ट्रॉलर काय मोठं, काय लहान, सगळंच गोळा करतो. एलईडी दिवे लावून मासेमारी करायला केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली. तरी रात्री समुद्रात दिवे दिसतात ही किनाऱ्यावरच्या लहान नौकावाल्यांची तक्रार संपलेली नाही. ते रोखणं सरकारचं काम, ते थाळी खाणाऱ्याच्या गळ्यात मारण्याचं कारण नाही. पण पिल्लाला गिऱ्हाईक मिळतं म्हणून ते बर्फात भरून घाट चढतं, हेही खरं. ते गिऱ्हाईक आपण.

जागरूक मंडळींनी यावर एक पळवाट काढली आहे: परदेशी सामन. विमानाने येतो, वेष्टनावर मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलची निळी चिठ्ठी असली की झालं, मन शांत. या चिठ्ठीशी माझं वैर नाही. केरळातल्या अष्टमुडी सरोवरातल्या तिसऱ्यांना २०१४ साली ती मिळाली, भारतातली पहिलीच. पण वाकडच्या मासळीवालीच्या पाटीत तशी चिठ्ठी शोधायला जाऊ नका. (आणि ‘फिश अँड चिप्स’ खाऊन समुद्राशी नातं जोडणाऱ्यांसाठी: तो बहुधा बासा असतो, तळ्यात पोसलेला, गोड्या पाण्यातला.)

चिठ्ठीपेक्षा हातातला मोबाईल बरा. तो साधारण पंधरा सेंटीमीटर लांब असतो. पापलेट त्याहून आखूड दिसलं तर घेऊ नका. मोठं परवडत नसेल तर मांदेली घ्या, बांगडा घ्या, तारली घ्या. लवकर वाढणारी, लवकर वीण देणारी मासळी. बांगड्याला काटे फार म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी तो कोकणातल्या एखाद्या घरी तिरफळं घालून केलेला खाऊन पाहावा. मोरीचं, म्हणजे शार्कचं, मटण मात्र सोडलेलं बरं; तिला पिल्लं मोजकी होतात आणि वयात यायला वर्षं लागतात. कोणत्या महिन्यात कोणता मासा टाळावा याचं पश्चिम किनाऱ्यासाठीचं वेळापत्रक ‘नो युवर फिश’ या उपक्रमाने तयार केलं आहे. ऑफिसच्या पार्टीची ऑर्डर देणाऱ्याने ते एकदा डोळ्यांखालून घालायला हरकत नाही.

आणि जूनजुलैचं काय? १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना बंदी असते. तरी हिंजवडीतल्या मेन्यूकार्डावरचं पापलेट हटत नाही. काही गोठवलेलं, काही पूर्व किनाऱ्याचं, कारण तिथली बंदी १४ जूनला उठते. बेकायदा काहीच नाही. पण बारा महिने तोच मासा त्याच दरात मिळायलाच हवा, ही सवय समुद्राची नाही, मॉलची आहे.

कंपन्यांच्या किनारा स्वच्छता मोहिमांबद्दलही एक सांगून टाकतो. बस भरून अलिबागला जाण्याआधी शेजारची मुळा नदी बघा. तिच्यावरच्या मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून कोकणात उतरतं आणि कुंडलिकेतून अरबी समुद्राला मिळतं. पण हिंजवडी-वाकडपाशी मुळेत पडलेली पिशवी निघाली, तर भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराकडे जाणार. आपला कचरा आंध्रच्या कोळ्यांच्या जाळ्यात.

हॉटेलवाल्यांकडे माझी एकच मागणी आहे. थाळीत अख्खं पिल्लू ठेवण्याऐवजी मोठ्या पापलेटच्या दोन तुकड्या वाढा, किंवा थाळीच बांगड्याची करा, आणि फळ्यावर तसं लिहा. हिंजवडीत असं हॉटेल कुणाला सापडलं तर पत्ता कळवा. पुढच्या आठवड्यात याच जागी छापतो.