४९९ रुपयांत बाईकचा इन्शुरन्स? पैसे पाठवण्याआधी हे वाचा

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला मावसभावाचा फोन आला. "दादा, इन्शुरन्सवाले म्हणतायत ही पॉलिसी आमची नाहीच."

त्याची १२५ सीसीची बाईक. सिग्नलजवळ वळताना एका आजोबांना धक्का लागला आणि त्यांचा हात मोडला. माणसं चांगली होती, आरडाओरडा झाला नाही. दवाखान्याचा खर्च इन्शुरन्समधून निघेल असं यानेच त्यांना सांगितलं होतं. मोबाईलमध्ये पीडीएफ होती, त्यावर कंपनीचा लोगो, क्यूआर कोड, सही, सगळं होतं. पॉलिसी नंबरसुद्धा खरा निघाला, पण तो दुसऱ्याच कोणाच्या तरी स्कूटरचा होता. कोणीतरी ती पीडीएफ एडिट करून त्यावर याचं नाव आणि गाडीचा नंबर टाकला होता.

ही पॉलिसी त्याने व्हॉट्सॲपवर आलेल्या एका 'एजंट'कडून ४९९ रुपयांत घेतली होती. तो मला म्हणाला, "ऑफर होती ना." माझ्या मते सगळी गोम या 'ऑफर' शब्दातच आहे.

थर्ड पार्टी इन्शुरन्सचा दर कंपनी ठरवत नाही, केंद्र सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू असलेल्या दरांनुसार ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा एका वर्षाचा थर्ड पार्टी प्रीमियम ७१४ रुपये आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की साधारण ८४३ रुपये होतात. १५० ते ३५० सीसीला मूळ दर १३६६, आणि १००० ते १५०० सीसीच्या कारला ३४१६. म्हणजे १२५ सीसीच्या बाईकचा 'फुल थर्ड पार्टी' कोणी ४९९ ला देत असेल, तर पुढचं काही तपासायची गरजच नाही. एवढ्या कमी पैशात तो मिळूच शकत नाही.

मग इतके लोक फसतात कसे? मला एक कारण असं दिसतं की आपल्यापैकी बऱ्याच जणांनी इन्शुरन्स कधी स्वतः रिन्यू केलेलाच नाही. सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकीबरोबर ५ वर्षांचा आणि नवीन कारबरोबर ३ वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. शोरूममध्ये बाबांनी पैसे भरले, कागद फाईलमध्ये गेले, विषय संपला. पाच वर्षांनी अचानक फोन येतो, "सर, तुमचा इन्शुरन्स आज रात्री संपतोय, उद्या ई-चलान बसेल." आपण घाबरतो, आणि घाबरलेला माणूस लिंकवर टॅप करतो. खरं तर तुमची बाईक तीन-चार वर्षांचीच असेल, तर संपतोय तो बहुतेक वेळा फक्त ओन डॅमेजचा भाग असतो, थर्ड पार्टी चालूच असतो. ही एक गोष्ट माहीत असली तरी अर्धी भीती जाते.

पुढचा प्रश्न सगळेच विचारतात, माझी तारीख त्यांना कळते कशी? गाडीचा नंबर टाकला की इन्शुरन्सची मुदत दाखवणारी ढीगभर ॲप्स आहेत. मोबाईल नंबर शोरूम, जुने एजंट, पीयूसी सेंटर अशा कुठूनही बाहेर जातो. आणि सरकारनेच २०१९ मध्ये वाहनांचा डेटा पैसे घेऊन कंपन्यांना देण्याचं धोरण आणलं होतं. ते २०२० मध्ये रद्द झालं, पण एकदा बाहेर गेलेला डेटा परत कसा आणणार? त्यामुळे समोरच्याला तुमचा गाडी नंबर आणि मुदत माहीत आहे, म्हणून तो खरा, असं अजिबात समजू नका.

आता जास्त वाईट प्रकार. एडिट केलेली पीडीएफ निदान पकडता येते. पण काही एजंट पॉलिसी खरोखरच काढतात, फक्त तुमच्या कारच्या नंबरवर दुचाकीची. हिशोब करून बघा. कारचे ३४१६ आणि जीएसटी मिळून झाले ४०३१, दुचाकीचे झाले ८४३. तुमच्याकडून कारचे पैसे घेतले, कंपनीला दुचाकीचे भरले, मधले तीन हजारांच्या वर खिशात. नंतर पीडीएफमध्ये 'दुचाकी'च्या जागी 'कार' केलं की झालं. तुम्ही कंपनीच्या साईटवर पॉलिसी नंबर टाकला तर तो 'चालू' दिसतो! म्हणून नुसता नंबर तपासून भागत नाही. गाडीचा प्रकार, मॉडेल, इंजिन नंबर आणि चासी नंबर आरसीशी अक्षरन् अक्षर जुळवायचा, आणि तोही कंपनीच्या साईटवरून स्वतः डाऊनलोड केलेल्या प्रतीवरून. एजंटने पाठवलेल्या पीडीएफवरून नाही.

याच जातीचा आणखी एक प्रकार म्हणजे खोटा नो क्लेम बोनस. मागच्या वर्षी क्लेम घेतलेला असतानाही एजंट बोनस लावतो, प्रीमियम कमी दिसतो, आपण खूश. हा बोनस २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत असतो आणि तो फक्त ओन डॅमेजच्या भागावर मिळतो. क्लेमच्या वेळी जुन्या कंपनीकडे चौकशी होते, खोटं उघडं पडतं आणि क्लेम अडकतो. आपल्याकडे यात ओळखीचे एजंटही असतात, हे लिहायला वाईट वाटतं, पण असतात.

क्यूआर कोडवरही डोळे झाकून विश्वास नको. कोड स्कॅन करून जी साईट उघडते, तिचा पत्ता नीट वाचा. बनावट पॉलिसीवरचा कोड बनावट पानावरच नेतो आणि तिथे हिरवी टिकही दिसते. कंपनी खरी आहे का, हे विमा नियामक आयआरडीएआयच्या साईटवरच्या यादीत दिसतं. आणि आयआरडीएआयमधून बोलतोय, बोनस देतो असं म्हणणारा फोन लगेच ठेवून द्या. ती संस्था विमा विकत नाही.

पैसे देताना यूपीआयवर पिन टाकायच्या आधी नाव येतं ना, तिथे दोन सेकंद थांबा. कंपनीच्या जागी कोणा व्यक्तीचं नाव आलं तर मागे फिरा. प्रीमियम कंपनीकडे पोचल्याशिवाय विमा सुरूच होत नाही, हे १९३८ च्या विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबी मध्येच आहे. 'पॉलिसी बघायला' म्हणून एपीके फाईल पाठवली तर इन्स्टॉल करू नका, त्यात एसएमएस वाचणारं मालवेअर असू शकतं. पॉलिसी घेतल्यावर काही दिवसांनी एमपरिवाहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकून नवीन मुदत आणि कंपनीचं नाव आलंय का बघा. आलं नसेल तर सरळ कंपनीला विचारा.

माझ्या भावाला दंडाची भीती जास्त होती. विना इन्शुरन्स गाडी चालवली तर पहिल्या वेळी २००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पुढच्या वेळी ४००० रुपये. पण खरा खड्डा पुढे आहे. मोटार अपघात न्यायाधिकरणाने भरपाई ठरवली आणि विमा खोटा निघाला, तर ती रक्कम गाडीच्या मालकाच्या आणि चालवणाऱ्याच्या डोक्यावर येते. माणूस दगावला तर हा आकडा लाखांत जातो. आणि देशात रस्त्यावरच्या निम्म्याहून जास्त गाड्या विम्याशिवाय फिरतात, असं संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीच्या २०२४ च्या अहवालात आहे. यात आपला विमा आहे असं मनापासून समजणारे किती असतील, हा विचार मला सुटत नाही.

भावाने काय केलं ते सांगतो. त्याच रात्री १९३० वर फोन केला आणि सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार टाकली. पैसे जाऊन महिने झाले होते, त्यामुळे ते परत मिळण्याची आशा कमीच. ताजा व्यवहार असता तर पैसे पुढच्या खात्यात अडवता आले असते, म्हणून कळल्या कळल्या फोन करायचा. व्हॉट्सॲप चॅट आणि यूपीआय पावतीचे स्क्रीनशॉट काढून ठेवले (त्या 'एजंट'ने तोपर्यंत डीपी काढून टाकला होता). ज्या कंपनीचं नाव वापरलं होतं, तिलाही ईमेल केला. खरा विमा हातात येईपर्यंत बाईक पार्किंगमध्ये. थर्ड पार्टी विमा ऑनलाईन दहा मिनिटांत निघतो, साधारण ८४३ रुपयांत.

आजोबांच्या हाताचे बत्तीस हजार त्याने स्वतःच्या पगारातून दिले, दोन हप्त्यांत. त्यांचं प्लास्टर पुढच्या आठवड्यात निघणार आहे. परवा तो भेटायला गेला, तर आजोबांनी आपल्या नातवाची स्कूटरची पॉलिसी त्याच्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "ही खरी आहे का रे, जरा बघ."