पहिल्या पंतप्रधानांचा नांगर : सर धनजीशा कूपर आणि आमदार-कारखानदारांची परंपरा

१/ मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान साताऱ्याचे होते, हे वाक्य अभिमानाने सांगितले जाते आणि ते खरेही आहे. १९३७ साली प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधान म्हणत, आणि त्या पदावर सर्वप्रथम बसले ते सर धनजीशा कूपर. मात्र त्यांच्या सत्तेने उत्तर कोणाला दिले, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. हा थ्रेड त्या प्रश्नाविषयी.

२/ कूपर यांचा सातारा जिल्हा आजच्यापेक्षा मोठा होता. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके त्यातच होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणून ही कहाणी दोन्ही जिल्ह्यांची सामाईक मिळकत आहे.

३/ आधी श्रेय. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीतली हरळी लाकडी नांगराला दाद देत नसे. लोखंडी नांगर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आणला. १९१० मध्ये औंध संस्थानाच्या आश्रयाने किर्लोस्करवाडी वसली. कूपर यांनी १९२२ च्या सुमारास साताऱ्यात नांगरांचा कारखाना काढला आणि पुढे डिझेल इंजिनांपर्यंत मजल मारली. हे कर्तृत्व नाकारण्यात काही अर्थ नाही.

४/ या दोन्ही कारखान्यांना जोडणारा माणूस म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. किर्लोस्करांचा नांगर गावोगाव खपवणारे भाऊराव पुढे कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीत सामील झाले. कारखान्याच्या उत्पन्नातून बहुजनांच्या शिक्षणाला मदत व्हावी, ही त्यांची अपेक्षा होती. तसा शब्द मिळाला होता आणि तो पाळला गेला नाही, असे त्यांची चरित्रे सांगतात.

५/ भाऊराव बाहेर पडले. १९१९ मध्ये काले येथे स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था त्यांनी मूठभर धान्य आणि गावकऱ्यांच्या वर्गणीवर वाढवली. साताऱ्याच्या औद्योगिक इतिहासातला हा सर्वांत बोलका प्रसंग आहे. शब्द देणारा मालक होता आणि शब्द मोडल्यावर त्याला जाब विचारील अशी कोणतीही सभा अस्तित्वात नव्हती.

६/ राजकारणात कूपर ब्राह्मणेतर पक्षाच्या वाटेने आले. जिल्हा लोकल बोर्ड, कायदे कौन्सिल, मंत्रिपद, गव्हर्नरांचे कार्यकारी मंडळ अशा पायऱ्या ते चढत गेले. केशवराव जेधे यांच्यासारखे नेते बहुजन समाजाला काँग्रेसकडे नेत असताना कूपर सरकारच्या बाजूलाच राहिले.

७/ १९३७ च्या निवडणुकीत १७५ जागांच्या विधानसभेत काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरली. गव्हर्नरांच्या विशेषाधिकारांबाबत हमी मिळाल्याशिवाय सत्ता घ्यायची नाही, असे काँग्रेसने ठरवले. रिकाम्या खुर्चीवर १ एप्रिलला कूपर बसले. १९ जुलैला बाळासाहेब खेर यांनी सूत्रे घेतली. विधानसभेची पहिली बैठकही त्याच १९ जुलैची.

८/ म्हणजे साडेतीन महिने राज्य करणारे हे मंत्रिमंडळ विधानसभेसमोर एक दिवसही उभे राहिले नाही. पहिलेपणाच्या अभिमानात दडलेली गोष्ट ही आहे. कारखान्यात मालकाला विचारणारे कोणी नव्हते, आणि सचिवालयातही पंतप्रधानांना विचारणारे कोणी नव्हते.

९/ सहा वर्षांनी याच जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर त्या लढ्यातल्या माणसांनी सहकारी साखर कारखाने उभारले. सांगलीला वसंतदादा, भुईंजच्या कारखान्याला किसन वीरांचे नाव, वाळव्याला नागनाथअण्णा नायकवडी, कुंडलला जी. डी. बापू लाड. सहकार हे कूपर-प्रश्नाला दिलेले उत्तर होते : भागधारक शेतकरीच मालक आणि वार्षिक सर्वसाधारण सभा हेच त्याचे न्यायालय.

१०/ त्या उत्तराचे पुढे काय झाले? चेअरमन आमदार झाला, किंवा आमदार चेअरमन झाला. कर्जाला हमी देणारे सरकार, शासकीय भागभांडवल मंजूर करणारे खाते, दोन कारखान्यांत २५ किलोमीटर हवाई अंतराची अट घालणारे धोरण आणि त्या धोरणाचा लाभार्थी, असे सारे एकाच सभागृहात, कधी एकाच बाकावर बसू लागले.

११/ सर्वसाधारण सभेत अहवाल वाचून होण्याआधीच ‘मंजूर, मंजूर’चा गजर होतो. उसाची रक्कम १४ दिवसांत द्यावी, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. तिच्यासाठी शेतकऱ्याला रस्त्यावर बसावे लागते. सहकारी कारखाना आजारी पडतो, भाडेपट्ट्यावर किंवा लिलावात जातो, आणि भागधारकाच्या हाती उरतो तो शेअरचा कागद.

१२/ येथे कूपर यांच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. कारखाना बुडाला असता तर मालक म्हणून पहिला फटका त्यांनाच बसला असता. सहकारी कारखाना बुडतो तेव्हा भागभांडवल शेतकऱ्याचे जाते, हमी जनतेच्या तिजोरीतून जाते, आणि चेअरमन पुढच्या निवडणुकीचा अर्ज भरतो. जोखीम दुसऱ्याची आणि रुबाब आपला, ही व्यवस्था कूपर यांनाही साधली नव्हती.

१३/ ‘कारखान्यांमुळेच या भागात पाणी, शाळा, रस्ते आले,’ हा प्रतिवाद ठरलेला आहे, आणि त्यात तथ्य आहे. पण विकास झाला म्हणून हिशेब मागायचा नाही, असे कोणत्या पोटनियमात लिहिले आहे? नागनाथअण्णाही विधानसभेत गेले होते. त्यांनी उभारलेला हुतात्मा कारखाना उसाच्या दरासाठी राज्यभर नावाजला गेला. आमदारकी आणि कारखाना एका हाती आले की लूट अटळच, असे मुळीच नाही. पण त्यासाठी विचारणारी सभा जिवंत असावी लागते.

१४/ म्हणून पहिले पंतप्रधान आपले, एवढे सांगून थांबू नये. त्या पंतप्रधानांसमोर सभागृह नव्हते, आणि भाऊरावांना दाद मागायला सभा नव्हती. आज सभागृहही आहे आणि सभाही आहे. तिथे हात वर करण्यापूर्वी अहवालाचे पान उलटण्याची तसदी भागधारक घेत नसेल, तर १९३७ चा तो उन्हाळा अजून संपलेला नाही.