श्रीलंकन तमिळ निर्वासित : २० जूनपर्यंत निर्णय घ्या

केंद्रीय गृहमंत्रालयाला आणि तामिळनाडू सरकारला आम्ही जाहीरपणे बजावत आहोत. येत्या २० जूनला, म्हणजे जागतिक निर्वासित दिनी, तुमच्या शुभेच्छा आम्हाला नकोत. त्याआधी निर्णय हवा.

जुलै १९८३ च्या कत्तलीनंतर श्रीलंकेतून जीव मुठीत धरून तमिळ माणसं रामेश्वरमच्या किनाऱ्याला लागू लागली. ती माणसं आणि त्यांची मुलं-नातवंडं मिळून सुमारे ५८ हजार जण आजही शंभराहून अधिक छावण्यांत राहतात. श्रीलंकेतलं युद्ध मे २००९ मध्ये संपलं, छावण्या मात्र तशाच आहेत. तात्पुरती सोय म्हणून दिलेल्या दहा बाय दहाच्या खोलीत तीन-तीन पिढ्या झोपतात. मुलाचं लग्न झालं की साडीचा आडपडदा बांधायचा आणि त्याच खोलीचे दोन भाग करायचे. वर तापलेला पत्रा. त्यात हजेरी! महसूल खात्याचा माणूस मोजायला येईल त्या दिवशी कामाचा रोज बुडवून दारात उभं राहावं लागतं.

राज्य सरकारने २०२१ मध्ये ७,४६९ घरं नव्याने बांधण्याची घोषणा केली. वेल्लोरजवळ मेलमोनवूरला पक्की घरं उभीही राहिली. चांगलं काम झालं, ते आम्ही नाकारत नाही. पण श्रीलंकेच्या नागरिकाला रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय भारतात घर विकत घेता येत नाही. चार पैसे गाठीला बांधून छावणीबाहेर पडू पाहणाऱ्याची वाट इथेच अडते, आणि ती वाट राज्याच्या नव्हे, केंद्राच्या हातात आहे.

केंद्राने काय केलं? २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीत पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान घेतले, श्रीलंका वगळली. २०२५ मध्ये, ९ जानेवारी २०१५ पर्यंत आलेल्या नोंदणीकृत श्रीलंकन तमिळांना कागदपत्रांअभावी होणाऱ्या शिक्षेतून सूट दिली. शिक्षा टळली, नागरिकत्वाचं दार बंदच राहिलं. इथेच जन्मलेला, इथेच शिकलेला पोरगाही परदेशीच.

निर्वासितांना नागरिक म्हणून सामावून घेणं अशक्य आहे असं महाराष्ट्राला तरी सांगू नका. कल्याणजवळच्या लष्करी बराकींत फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली आणि १९४९ मध्ये त्याच छावणीचं उल्हासनगर झालं. ती माणसं या देशाची नागरिक होती, म्हणूनच त्यांना तिथे दुकानं थाटता आली, कारखाने काढता आले.

आमची मागणी स्पष्ट आहे. छावणीतल्या प्रत्येक कुटुंबाला विचारा. परत जायचं असेल त्यांना सन्मानाने, सरकारी खर्चाने पाठवा. राहायचं असेल त्यांना नागरिकत्व द्या आणि राहत्या घराचा पट्टा त्यांच्या नावावर करा. दोन्हींचं तारीखवार वेळापत्रक २० जूनपूर्वी जाहीर करा.

तसं झालं नाही, तर २१ जूनपासून आम्ही आमच्या प्रत्येक खासदाराच्या कार्यालयासमोर ठिय्या देऊ आणि लेखी उत्तर हातात पडेपर्यंत हलणार नाही. त्यासोबत न्यायालयातही जाऊ. निवेदनं पुष्कळ झाली. यापुढे आम्ही निवेदन देणार नाही.