वाडग्यातला बांगडा

"हॉटेलात नाश्ता करून येऊ नका गं, पोट रिकामं ठेवा," असं मैत्रिणीनं आदल्या रात्रीच बजावलं होतं. ती पेनांगला बारा वर्षं आहे, बायान लेपासच्या एका कारखान्यात नोकरीला. आम्ही बाकी तिघी रत्नागिरीहून आलेल्या. कॉलेज सुटल्यावर चौघी एका टेबलाशी बसल्याला वीस वर्षं झाली होती. ते टेबल तिनं निवडलं आयर इतामच्या बाजारातलं, केक लोक सी देवळाच्या पायथ्याशी.

अशा जागेला तिथे कोपितियाम म्हणतात. कोपी म्हणजे मलयमधली कॉफी आणि तियाम म्हणजे होक्कियन चिनीत दुकान. दुकान एकाचं असतं, पण आत गाड्या अनेकांच्या. मालक फक्त चहा-कॉफी विकतो. बाकी ज्याचा जो पदार्थ, तो त्याच्या गाडीवर जाऊन सांगायचा, आपलं टेबल दाखवायचं आणि थाळी समोर आली की पैसे तिथल्या तिथे द्यायचे. एकाच टेबलावर चार गाड्यांचं खाणं येतं. मित्रमंडळींसाठी याहून चांगली सोय मी कुठे पाहिलेली नाही.

आम्हाला तर ती हवीच होती. चौघींतली एक पूर्ण शाकाहारी, आणि लाक्साचा रस्साच मुळात माशाचा. तिच्यासाठी कोपऱ्यातल्या बौद्ध शाकाहारी गाडीवरून परतलेलं बिहून आलं, तांदळाच्या केसासारख्या बारीक शेवयांचं. शेजारच्या कढईत च्यार क्वे तियाव परतत होतं, रुंद पट्ट्यांच्या नूडल्स, कोळंबी आणि शिंपल्यांसकट. त्यात डुकराची चरबी असते, म्हणून मैत्रिणीचे मुसलमान सहकारी इथे येत नाहीत. "ऑफिसची मंडळी असली की आम्ही मामाकमध्ये जातो," ती म्हणाली. मामाक म्हणजे तमिळ मुसलमानांची खानावळ. तिथली मी गोरेंग, म्हणजे परतलेल्या पिवळ्या नूडल्स, सगळ्यांना चालते. कोण सोबत आहे ते पाहून जागा ठरते. मला ही रीत फार आवडली. पाहुण्याला काय चालतं हे आधी विचारणं हाच तर आदर.

मग आमच्या असाम लाक्साची पाळी आली. गाडीवरच्या माणसाला, तिथल्या रिवाजाप्रमाणे, 'अंकल' म्हणायचं. अंकलनी वाडग्यात तांदळाच्या जाड, पांढऱ्या नूडल्स घेतल्या, त्यावर पळीभर उकळता रस्सा ओतला आणि वाडगा तिरका करून तो पुन्हा पातेल्यात निथळला. पुन्हा ओतला, पुन्हा निथळला. असं चार-पाच वेळा. गार नूडल्स आतपर्यंत गरम झाल्यावरच रस्सा वाडग्यात राहू दिला. वरून काकडी, कांदा, अननस, पुदिना आणि बुंगा कान्तान नावाची गुलाबी कळी, बारीक चिरून. कडेला चमच्यात काळा, काकवीसारखा दाट हे को, म्हणजे कोळंबीचा गोडसर पाक. तो आपण हवा तेवढा कालवायचा.

मी पहिला घोट घेतला आणि चमचा तसाच हातात राहिला. "अगं, हा बांगडा आहे!"

"मग? केंबुंग म्हणतात इथे," मैत्रीण म्हणाली. ती माझ्या तोंडाकडेच बघत होती.

केंबुंग बांगड्याच्याच कुळातला. तो उकडून, काटे काढून, कुस्करून परत त्याच पाण्यात घालतात, त्यामुळे रस्सा दाट होतो. मलाक्क्याकडच्या लाक्सात नारळाचं दूध असतं, इथे नाही. इथे रस्सा खणखणीत आंबट. या आंबटपणात चिंच होतीच, पण चिंचेच्या मागे दुसरं काहीतरी होतं, जिभेच्या कडांना धरणारं. ते असाम केपिंग. एका फळाच्या उन्हात वाळवलेल्या चकत्या. ते झाड गार्सिनिया अट्रोव्हिरिडिस, आणि आपला कोकम गार्सिनिया इंडिका. सख्खी नाही तरी चुलत भावंडं नक्की. बांगडा आणि आमसूल! खाली तांदळाच्या शेवया, म्हणजे आमच्या शिरवळ्यांचीच जात. फक्त आम्ही त्या गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवतो, यांनी माशाच्या सारात बुडवल्या. तिरफळाच्या जागी कान्तानची कळी, तिचा वास आल्याला आणि फुलाला एकदम जवळचा.

मैत्रिणीनं मग 2020 सालचं सांगितलं. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, विमानं बंद झाली, आणि आईनं दिलेली सोलं पावसाळ्याच्या आधीच संपली. बाजारात बांगडा मिळत होता, पण आमसुलाशिवाय तिखलं करायला हात धजेना. शेजारच्या चिनी आंटींनी दारात एक पुडी ठेवली. चार चकत्या घालून तिनं तिखलं केलं. "रंग आला नाही गं. पण भाताबरोबर जेवले, आणि त्या वर्षात पहिल्यांदा पोटभर जेवले."

आम्ही तिघी गप्प झालो. त्या वर्षी आम्ही तिला दर रविवारी फोन करत होतो आणि 'जेवलीस का' हे एकीनंही नीट विचारलं नव्हतं.

शाकाहारी मैत्रिणीनं आपल्या थाळीतलं बिहून तिच्या वाडग्याच्या कडेला वाढलं. मी उठून गाडीपाशी गेले, एक बोट वर केलं आणि म्हटलं, "अंकल, सातु लागी." आणखी एक. अंकलनी नवा वाडगा घेतला आणि पहिली पळी ओतून निथळायला सुरुवात केली.