आधी बैठक, मग दुर्बीण

ताऱ्यांची छायाचित्रे काढण्याची हौस आज महाराष्ट्रातील पुष्कळ तरुणांना लागली आहे, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु त्यांनी किंवा त्यांच्या पालकांनी या हौसेखातर मोठ्या मिनतवारीने बाजूला काढलेला पैसा बहुतांशी दुर्बिणीच्या नळीवर खर्ची पडतो आणि ती नळी जिच्यावर बसवायची त्या बैठकीची, म्हणजे माउंटची, तजवीज उरल्यासुरल्या रकमेत उरकली जाते, हा क्रम माझ्या मते सर्वस्वी उलटा आहे. दुर्बिणीला डोळा लावून चंद्र किंवा शनी नुसता पाहणाऱ्यास साध्या बैठकीवरची मोठी नळीही पुष्कळ सुख देते; छायाचित्रकाराची निकड निराळी आहे.

पृथ्वी स्वतःभोवतीची एक फेरी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत पुरी करते, आणि त्यामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा दर सेकंदास सुमारे १५ विकला पश्चिमेकडे सरकतो. ४०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या लहानशा दुर्बिणीला आजचा सर्वसाधारण कॅमेरा जोडला, तर त्याच्या एका पिक्सेलवर आकाशाचा सुमारे २ विकलांचा भाग येतो. म्हणजे बैठक स्थिर असल्यास तारा एका सेकंदात सात पिक्सेल ओलांडून जातो, आणि देवयानी दीर्घिकेसारख्या मंद वस्तूसाठी तर मिनिट-दोन मिनिटांची कित्येक छायाचित्रे घेऊन ती मागाहून एकत्र करावी लागतात. नळीचा व्यास दुप्पट केल्याने ही अडचण तिळमात्र दूर होत नाही. उलट नळी जड होते, वाऱ्याला अधिक सापडते आणि बैठकीवरचा भार वाढतो.

जाणत्या कारागिरांना हे फार पूर्वीच उमगले होते. फ्राउनहोफरने डोर्पाटच्या वेधशाळेसाठी घडवलेल्या आणि १८२४ मध्ये तेथे पोहोचलेल्या दुर्बिणीची कीर्ती जशी भिंगामुळे, तशीच बैठकीमुळेही झाली, कारण तिचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर होता आणि वजनाच्या ओढीवर चालणारे घड्याळयंत्र तेवढा एकच अक्ष फिरवून ताऱ्याचा पाठलाग करीत असे. १८८० च्या सप्टेंबरात हेन्री ड्रेपरने मृगातील तेजोमेघाचे पहिले छायाचित्र ५१ मिनिटे प्रकाश साठवून मिळवले, तेही अशाच यांत्रिक पाठलागाच्या बळावर.

उजवीडावीकडे आणि वरखाली फिरणारी संगणकनियंत्रित बैठकही ताऱ्याचा पाठलाग करते, हे कबूल. पण तिच्यावर मधला तारा जागेवर राहिला तरी भोवतालचे क्षेत्र हळूहळू त्याच्याभोवती फिरते आणि चित्राच्या कडेचे तारे कमानदार उमटतात. ग्रहांच्या चित्रांस ती पुरते. तेजोमेघ व दीर्घिका यांसाठी इक्वेटोरियल, म्हणजे एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर असलेली, बैठकच घ्यावी, असे मी निःसंकोच सांगेन.

येथे आपल्या प्रदेशाचा एक खास प्रश्न उपस्थित होतो, आणि त्याकडे खरेदीच्या वेळी फारसे कोणी लक्ष देत नाही. अशा बैठकीचा अक्ष ध्रुवताऱ्याच्या आधारे ध्रुवाकडे रोखावा लागतो, आणि ध्रुवताऱ्याची उंची स्थळाच्या अक्षांशाइतकी असते, म्हणजे पुण्यात ती सुमारे साडेअठरा अंश, मुंबईत १९, नागपुरात २१ आणि पणजीत तर साडेपंधराच अंश भरते. इतक्या खाली तो इमारतीआड, डोंगराआड किंवा क्षितिजावरील धुरकटात सहज हरवतो. शिवाय काही बैठका इतक्या कमी अक्षांशाला झुकवल्या, की प्रतिभाराचा दांडा तिवईच्या पायावर आपटतो, आणि काहींचा झुकावाचा स्क्रू तेथवर पोहोचतच नाही. म्हणून ग्राहकाने बैठक आपल्या गावच्या अक्षांशावर लावून पाहिल्यावाचून पैसे मोजू नयेत, आणि अंगणात मांडताना तिवईचा एक पाय उत्तरेस ठेवावा, कारण झुकलेल्या अक्षामुळे सारा भार त्या बाजूला जातो. ध्रुवतारा झाकलेला असला तरी निराश होण्याचे कारण नाही: आकाशाच्या दुसऱ्या भागातील ताऱ्यांची छायाचित्रे घेऊन अक्ष किती चुकला आहे हे सांगणाऱ्या संगणकीय पद्धती आता उपलब्ध आहेत.

उत्पादक जी भारक्षमता छापतात, तीही छायाचित्रकाराने जशीच्या तशी धरू नये. कॅमेरा, नळी आणि जोडसामान मिळून त्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास भार राहील, असा हिशेब ठेवणे अनुभवी मंडळी पसंत करतात. स्वस्त बैठकीच्या गिअरमधील दोषांमुळे तारा ठरावीक कालाने मागेपुढे डोलतो; हा दोष छोट्या मार्गदर्शक दुर्बिणीने व दुसऱ्या कॅमेऱ्याने पुष्कळसा आवरता येतो, मात्र ढिल्या जोडांची थरथर आणि लटपटती तिवई यांवर तो उपाय चालत नाही.

तूर्त ज्याच्यापाशी कॅमेरा आहे आणि पैसा थोडा आहे, त्याने दुर्बीण घेऊच नये. ताऱ्यांमागे कॅमेरा फिरवणारा छोटा ट्रॅकर आणि घरचेच ५० किंवा १३५ मिलिमीटरचे भिंग एवढ्या सामग्रीवर मृग नक्षत्राचा विस्तीर्ण पट्टा व धनु राशीतील आकाशगंगा यांची उत्तम चित्रे मिळतात, आणि अक्ष ध्रुवाकडे रोखण्याची सवयही हाताला लागते. जी विद्यालये व महाविद्यालये खगोलमंडळांसाठी दुर्बिणी खरेदी करतात, त्यांनी तर मागणीपत्रकात आरशाच्या व्यासाबरोबर बैठकीचा प्रकार, तिची भारक्षमता आणि तिला पेलणारा किमान अक्षांश, हे तीन तपशील अवश्य नमूद करावेत.