कैवार नको, कसोटी हवी

एकाच सर्व्हरवर अनेक स्वतंत्र यंत्रे नांदविण्याचे आभासीकरणाचे तंत्र आता केवळ महानगरांची मिरास राहिलेले नाही. लहान गावच्या पतसंस्थेचे खातेपुस्तक व महाविद्यालयाचे निकालपत्रकही त्यावर विसंबून असू शकते. म्हणूनच त्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, या प्रश्नाची तड ज्या रीतीने लावली जाते, तिच्याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ही कंपनी विकत घेतली. लागलीच डिसेंबरात कायमच्या परवान्यांची विक्री थांबवून तिने वर्गणीची पद्धत लागू केली. त्या हिशेबात प्रत्येक प्रोसेसरमागे निदान १६ कोअरांचे पैसे मोजावे लागतात. यंत्रात ८ असले तरीही! साहजिकच प्रॉक्समॉक्स, हायपर-व्ही इत्यादी पर्यायांची चर्चा संचालक मंडळांपर्यंत पोचली. परंतु ही चर्चा म्हणजे पुष्कळदा दोन तटांची हमरीतुमरीच असते. एक पक्ष म्हणतो, फुकटचे ते हलके. दुसरा म्हणतो, महागाचे ते लुटारू.

वस्तुतः दोन्ही पक्षांस इतिहास अनुकूल नाही. प्रॉक्समॉक्सचा पाया असलेले केव्हीएम २००७ पासून लिनक्सच्या गाभ्याचाच भाग आहे आणि गूगलच्या क्लाउडमधील आभासी यंत्रेही त्यावर चालतात. त्यास हलके कोणी म्हणावे? उलटपक्षी, चालू यंत्र न थांबविता एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेण्याची सोय व्हीएमवेअरने २००३ सालीच बाजारात आणली. तिच्या कर्तृत्वास लूट म्हणून बोळविणेही न्यायाचे नव्हे.

मग कंपन्यांनीच केलेल्या चाचण्यांवर भिस्त ठेवावी काय? २००७ सालचे उदाहरण बोलके आहे. व्हीएमवेअरने आपले ईएसएक्स व प्रतिस्पर्धी झेन यांची तुलना प्रसिद्ध केली. तीत ईएसएक्स सरस ठरले. अल्पावधीतच झेनसोर्स कंपनीने आपल्या नव्या आवृत्तीनिशी फेरचाचणी केली. तीत दोहोंतील अंतर बहुतेक मिटले! कोणीही खोटे आकडे दिले, असे आमचे म्हणणे नाही. कोणती आवृत्ती घ्यावी व कोणते काम मोजावे, हे ठरविणाराच निकालाची दिशा ठरवीत असतो, एवढाच याचा बोध.

तेव्हा मोजावयाचे काम आपले असावे आणि मोजणारा हातही आपलाच असावा. सारखी दोन यंत्रे घ्यावीत. आपल्याच हिशेबाची प्रत त्यांवर चालवावी. चाचणीची माहिती यंत्राच्या स्मृतीत मावेल इतकी लहान नसावी. नाहीतर डिस्कच्या नावाखाली स्मृतीचाच वेग मोजला जातो. तीच चाचणी निदान तीनदा करावी. आभासी यंत्रावर भार वाढला की त्याचे घड्याळही चुकू शकते, म्हणून वेळ बाहेरच्या घड्याळाने मोजावा. आणि वेगाइतकेच महत्त्व आपत्तीस द्यावे. चालू कामात वीज तोडावी, एक डिस्क काढावी, बॅकअपवरून सारे यंत्र पुन्हा उभे करावे. हे सारे संस्थेच्या नेहमीच्या कर्मचाऱ्याने करावे. विक्रेत्याच्या तज्ज्ञाने नव्हे. कारण मध्यरात्री सर्व्हर बंद पडेल तेव्हा धावून येणारा तो कर्मचारीच असणार.

चाचणीने सर्वच कळते, असा आमचा दावा नाही. पाच वर्षांनी वर्गणी किती होईल, हे कोणतेही यंत्र सांगणार नाही. तो विचार निराळ्या कागदावर, निराळ्या आकड्यांनी व्हावा. मात्र 'अमक्याने सांगितले' एवढ्या आधारावर ठेवीदारांचा पैसा खर्ची पडू नये.

संचालकांनी पुढील ठरावापूर्वी चाचणीचा लेखी अहवाल मागवावा, आणि सभासदांनी तो वार्षिक सभेत पाहावयास मागावा. हा त्यांचा हक्कच आहे.