गिरणगांवची काटकसर आणि गांवचें गहाण

खर्चास आळा घालून कर्ज मुदतीपूर्वीं फेडावें आणि पंचेचाळिशीच्या आंतबाहेर नोकरीस रामराम ठोकून स्वस्थ व्हावें, अशी आकांक्षा मुंबईंतील शिकलेल्या तरुणांत अलीकडे वरचेवर ऐकूं येते. आमच्या सभासदांचीं मुलेंही सुटींत घरीं आलीं म्हणजे ही कल्पना कालच विलायतेहून उतरली आहे अशा थाटानें ती सांगतात. आम्हांस ती नवी वाटत नाहीं. परळ, लालबाग, शिवडी, नायगांव या भागांत तिचा प्रयोग दोन-तीन पिढ्या चालला होता, आणि तो करणारे आपलेच शेतकरी बांधव होते. त्यांत काय साधलें व काय फसलें हें पाहणें आज अगत्याचें आहे. कारण तो प्रयोग केलेले लोक आतां थोडे उरले आहेत, आणि आपल्यापैकीं अनेकांच्या सातबारावर पुनः बोजे चढले आहेत.

मुंबईंत कापसाची पहिली गिरणी कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं स्थापिलेल्या कंपनीनें ताडदेव येथें काढली. पुढें परळ-लालबागकडे धुराडीं वाढत गेलीं आणि रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणें या जिल्ह्यांतून माणसें तिकडे जाऊं लागलीं. तीं हौसेनें गेलीं नाहींत. देशावर सावकारी किती गळ्याशीं आली होती हें १८७५ च्या मे महिन्यांत सुपें येथें उसळलेल्या दंग्यानें सरकारला दिसलें, आणि १८७९ चा दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा त्यानंतर झाला. कोंकणांत जमिनीचे तुकडे लहान, व त्यांवर खोताचा वांटा. तेव्हां एक भाऊ नांगराशीं व दुसरा मागाशीं अशी घराघरांत वांटणी झाली. मागाशीं गेलेल्यानें पैसा धाडावा, त्यांतून गहाण पडलेलें शेत सुटावें, आणि हातपाय धड आहेत तोंवर त्यानें परत येऊन तें कसावें, हा त्या वांटणीचा हेतु होता. निवृत्ति हा शब्द कोणी वापरीत नसे. ‘गांवीं जाऊन राहणें’ एवढेंच म्हणत.

हा पैसा उरे कसा? पुष्कळांची समजूत अशी कीं, ते लोक पोटास चिमटा घेत. ही समजूत अर्धवट आहे. खरी बचत ताटांत नव्हती, छपरांत होती. मुंबई सुधारणा खात्यानें १९२० नंतरच्या दशकांत वरळी, नायगांव, शिवडी व डिलाईल रोड येथें ज्या बी. डी. डी. चाळी बांधल्या, त्यांतील खोली सुमारें १६० चौरस फुटांची. अशा खोल्यांत एका गांवचे दहा-बारा, कधीं त्याहूनही अधिक गडी राहत. पहिल्या पाळीचा उठला कीं रात्रपाळीचा त्या जागीं आपली वळकटी पसरी. प्रत्येकाची एक पेटी, एक खुंटी, आणि भाड्याचा ठराविक वांटा. त्यांत १९१८ च्या व पुढें १९४७ च्या भाडेनियंत्रणाच्या कायद्यांनीं भाडें बांधून टाकलें, म्हणजे मजुरी वाढली तरी छपराचा खर्च फारसा वाढला नाहीं.

जेवणाची सोय खानावळींत असे. त्या बहुधा कामगारांच्याच घरच्या स्त्रिया चालवीत व हिशेब महिन्याचा महिन्यास होई. या बायका किराण्यासाठीं स्वतः सावकाराचें व्याज भरीत आणि गड्यांस मात्र महिनाभर उधारीनें जेवूं घालीत. म्हणजे गड्याच्या काटकसरीचा कांहीं भाग खानावळवालीच्या खांद्यावर होता. प्रेमाताई पुरव यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या स्त्रियांस बँकेचें कर्ज मिळवून दिलें तेव्हां कोठें ही गोष्ट लोकांच्या ध्यानांत आली.

आतां फसलेली बाजू. व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या मजूर आयोगानें १९३१ सालीं आपल्या अहवालांत म्हटलें कीं, बहुतेक औद्योगिक शहरांत कामगारांपैकीं निदान दोनतृतीयांश कर्जांत आहेत, व बहुतेकांचें कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून अधिक आहे. इतकी काटकसर करणारा माणूस पुनः कर्जांत कां? पगार पुढच्या महिन्यांत उशिरां हातीं येई, मधल्या दिवसांत पठाण दाराशीं उभा राही. रुपयास महिना एक आणा हा त्याचा नेहमींचा दर. शंभर रुपयांस महिना सवासहा रुपये, म्हणजे वर्षास पंचाहत्तर! सोळा महिन्यांत मुद्दलाइतकें व्याज होतें, आणि मुद्दल जागच्या जागीं असतें. गांवच्या सावकाराचें देणें फेडण्यासाठीं मनिऑर्डर करावी आणि इकडे पठाणाकडून हातउसने घ्यावेत, हा व्यवहार काटकसरीचा म्हणतां येणार नाहीं. महाग कर्ज आधीं बुडवावयास हवें होतें, मग तें कितीही लहान असो.

दुसरी चूक याहून मोठी. गांवचें गहाण बहुधा कब्जेगहाण असे. व्याजाच्या बदल्यांत पीक सावकार नेई. अशा गहाणांत दरमहा दहा-पांच रुपये गांवीं आले तरी मुद्दल एक पैशानेंही हलत नाहीं. तें एकरकमी द्यावें लागतें. घरीं आलेली लहान रक्कम मीठमिरची, पाहुणेरावळे, जत्रा यांत जिरून जाई. वीस वर्षें मनिऑर्डरी करूनही शेत सावकाराच्याच ताब्यांत, असें कित्येक घरांत झालें. ज्यांचें शेत सुटलें त्यांनीं गहाणाचे पैसे घरखर्चाच्या पैशांत मिसळूं दिले नाहींत. कोणी गिरणीच्या पतपेढींत, कोणी भिशींत तो वेगळा सांठवीत, आणि रक्कम पुरी झाली कीं चार पंच नेऊन एका बैठकींत गहाण सोडवीत. सोडविलेलें शेत पुढल्याच वर्षीं बहिणीच्या लग्नासाठीं पुनः गहाण टाकणारेही आम्हीं पाहिले आहेत. त्यांविषयीं अधिक लिहिण्याची इच्छा नाहीं.

जुनीं गहाणें अजून ज्यांच्या घरांत लोंबकळत असतील त्यांनीं एक गोष्ट जाणावी. गहाण सोडविण्याचा हक्क करारांत कांहींही लिहिलें असलें तरी सहजासहजीं जात नाहीं. दावा लावण्याची मुदत पूर्वीं साठ वर्षें होती, ती १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानें तीस केली. परंतु कब्जेगहाणाच्या बाबतींत ही मुदत गहाणाच्या तारखेपासून नव्हे, तर पैसे फिटल्यापासून अथवा देऊं केल्यापासून मोजावी, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं दिला आहे. आजोबांचे कागद फडताळांतून काढून वकिलास दाखवावेत. आणि ज्यांनीं बँकेचें वा सोसायटीचें देणें फेडलें त्यांनीं बेबाकीचा दाखला घेऊन तलाठ्याकडून फेरफार करवावा. इतर हक्कांच्या रकान्यांत जुना बोजा तसाच राहिला म्हणजे पुढच्या गरजेच्या वेळीं तो आडवा येतो. पैसे फेडून कागदाकडे पाठ फिरविणारे आपल्यांत फार.

निवृत्तीविषयीं मात्र गिरणगांवानें जो धडा दिला तो कठोर आहे. १८ जानेवारी १९८२ रोजीं संप सुरू झाला व सुमारें अडीच लक्ष कामगार बाहेर पडले. पुष्कळांस कामावर परत जातां आलेंच नाहीं. चाळिशींतले गडी पेटी उचलून गांवीं आले. ज्यांचें शेत मोकळें होतें, त्यांतही ज्यास थोडेंबहुत पाणी होतें, त्यांच्या घरीं निदान भाताची पेज शिजली. ज्यांचें शेत अद्याप गहाण होतें त्यांस दुसऱ्याच्या बांधावर मजुरी करावी लागली. एकाच दिवशीं, एकाच खोलींतून निघालेल्या दोघांत हा फरक पडला. म्हणून लवकर निवृत्त होऊं इच्छिणाऱ्या मुलांस आमचें सांगणें असें कीं, निवृत्तीची तारीख तुम्हीच ठरवाल असें गृहीत धरूं नका. कर्ज आधीं, विहीर त्यानंतर, आणि गांवीं यावयाचें असेल तर त्याच्याही नंतर. कर्जमुक्त पण कोरडवाहू दोन एकरांवर विश्रांति मिळत नाहीं, हें आपणांस कोणी शिकवावयास नको.

दादर-परळच्या जुन्या वस्तींत आज घर घेणारे आपले मुलगे वीस वीस वर्षांचें कर्ज काढतात. त्यांच्यासाठीं हिशेब मांडतों. दहा लाख रुपये, दर नऊ टक्के, मुदत वीस वर्षें. हप्ता सुमारें नऊ हजार रुपयांचा, आणि एकंदर भरणा साडेएकवीस लाखांच्या वर. त्याच हप्त्यांत दरमहा तीन हजारांची भर घातली तर कर्ज सुमारें अकरा वर्षांत फिटतें व व्याजाचे पांच लाख ऐशीं हजारांच्या आसपास वाचतात. व्यक्तीच्या नांवें बदलत्या दरानें घेतलेल्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घेण्यास रिझर्व्ह बँकेनें २०१२ सालींच मनाई केली आहे. तीन हजार कोठून काढावे हें आम्ही सांगणार नाहीं. परंतु तें मुलांच्या दुधांतून व औषधांतून काढूं नये. गिरणगांवांत ज्यांनीं तसें काढलें त्यांपैकीं कित्येकांनीं सोडविलेलें शेत क्षयाच्या खोकल्यासह पाहिलें. आणि शेतकऱ्यानें स्वतः हा नियम आंधळेपणानें लावूं नये: सोसायटीचें पीककर्ज मुदतीत फेडल्यास व्याजाची सवलत मिळते, तेव्हां तें वेळेवर भरावें, पण घाई सोनेतारणाच्या व खासगी सावकाराच्या कर्जाची करावी.

शेवटीं एक गोष्ट राहते. या साऱ्या प्रयोगांत मागाशीं असलेल्या पुरुषाची काटकसर सर्वांनीं वाखाणली. त्याच्या मागें गांवीं जी स्त्री राहिली तिनें नांगर धरणारा गडी लावला, सावकाराचे बोल ऐकले, मुलांस वाढविलें आणि वर्षांतून एकदां, गणपतीस किंवा शिमग्यास, नवऱ्याचें तोंड पाहिलें. आमच्या एका वयोवृद्ध सभासदांचें गहाणखत सुटून आलें तें त्यांच्या पत्नीनें तांदुळाच्या कणगींत जपून ठेवलें. सातबारावर मात्र नांव एकट्या पतीचें. पतीनें स्वखुशीनें अर्ज केल्यास पत्नीचें नांव सहधारक म्हणून लावतां येतें. शेतकरी संघटनेनें लक्ष्मी मुक्तीची मोहीम चालविल्यानंतर राज्य शासनानें १९९२ सालीं तशी तजवीज केली आहे. त्या सभासदांनीं गेल्या पावसाळ्यांत हा अर्ज दिला. अर्जाचा नमुना संस्थेच्या कचेरींत ठेवला आहे. ज्यांस हवा असेल त्यांनीं बाजाराच्या दिवशीं येऊन न्यावा.